झाड तोडायला पैसे, पाचोळा आणायलाही पैसे

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

घराजवळचे झाड तोडायचे तर पैसे मोजावे लागतात. तोडलेल्या झाडाच्या फांद्या आणि पाला उचलून न्यायला पुन्हा पैसे मोजावे लागतात. आणि पुढच्या उन्हाळ्यात बागेतली माती भाजून निघू नये म्हणून तिच्यावर अंथरायला काहीतरी विकत आणायचे, तर तिसऱ्यांदा खिशात हात घालावा लागतो. या तीन खर्चांचा एकमेकांशी काही संबंध आहे, हे सहसा आपल्या ध्यानात येत नाही. एक खर्च बांधकामाच्या नावावर जातो, दुसरा साफसफाईच्या आणि तिसरा हौसेच्या. पण तिन्ही खर्च एकाच वहीत मांडले, तर जी वस्तू आपण पैसे देऊन घराबाहेर घालवली, जवळपास तीच वस्तू पैसे देऊन घरात आणली असे दिसते. आज या हिशेबाविषयी बोलायचे आहे.

उदाहरणासाठी बेसा घेऊ. नागपूरच्या दक्षिणेला, मानेवाड्याच्या पुढे असलेले हे गाव. काळीची शेते, धुऱ्यावर कडुलिंब, बाभूळ, बोर, मध्येच एखादा आंबा किंवा चिंच, असे त्याचे जुने रूप. शहर वाढत गेले, शेतांचे लेआऊट पडले, घरे आणि पाठोपाठ फ्लॅट स्कीम आल्या. ग्रामपंचायतीच्या जागी आता बेसा-पिपळा नगरपंचायत आली आहे. धुरे मोडले, पण धुऱ्यावरचे एखादे झाड कुणाच्या तरी प्लॉटच्या कोपऱ्यात राहून गेले. दुसरीकडे, घर बांधल्यावर हौसेने लावलेली बदाम, गुलमोहर, सप्तपर्णी, अशोक ही झाडे पंधरा-वीस वर्षांत स्लॅबच्या वर गेली. लावताना भिंतीपासून अंतर किती ठेवावे, याचा विचार त्या वेळी कोणी केला नव्हता. मग एक दिवस घरात विषय निघतो, ‘हे झाड काढून टाकू या का?’

तोडण्याआधी

या प्रश्नाचे पहिले उत्तर दुसऱ्या प्रश्नात आहे. आपल्याला त्रास नेमका कशाचा होतो? गच्चीवर आलेल्या फांदीचा, की साऱ्या झाडाचा? छपराच्या पन्हाळात पाने साचत असतील तर पन्हाळावर जाळी बसवता येते. फांदी भिंतीला घासत असेल तर तेवढी फांदी उतरवता येते. फांदी विजेच्या तारांना लागत असेल तर तिला स्वतः हात लावू नये, गड्यालाही लावू देऊ नये. आधी महावितरणला कळवून वीजपुरवठा बंद करून घ्यावा लागतो. घराच्या पश्चिम बाजूला झाड असेल तर आणखी विचार करावा. २०१३ च्या मे महिन्यात नागपूरचे तापमान ४७.९ अंशांवर गेले होते, आणि पंचेचाळिशी ओलांडणारे दिवस आपल्याला नवे नाहीत. दुपारी तीननंतर पश्चिमेच्या भिंतीवर पडणारी सावली गेली, की त्या खोलीतला कूलर किती जास्त चालतो ते पहिल्याच उन्हाळ्यात कळते.

काळ्या जमिनीचा एक गुणही इथे लक्षात ठेवायला हवा. ही माती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की आकसते. मोठे झाड तिच्यातले पाणी वर्षानुवर्षे ओढत असते. ते एकाएकी काढले तर मातीत पुन्हा ओल साठते आणि ती फुगू लागते. पायाला फार लागून असलेले जुने झाड काढल्यावर भिंतीला तडा जाण्याचे हे एक कारण असू शकते. तेव्हा पायाजवळचे मोठे झाड काढण्याआधी एखाद्या जाणत्या अभियंत्याला दाखवावे. त्याची फी भिंतीच्या दुरुस्तीपेक्षा स्वस्त पडते.

परवानगीचा खर्च

झाड आपल्या प्लॉटमध्ये आहे, आपणच लावले आहे, तरी नागरी क्षेत्रात ते आपल्या मर्जीने तोडता येत नाही. त्यासाठी महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ हा कायदा आहे. वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा, झाडाची पाहणी होते, झाडावर नोटीस लागते, कोणाची हरकत असेल तर ती ऐकली जाते आणि मग निर्णय होतो. कायद्याच्या भाषेत झाड तोडणे म्हणजे केवळ कुऱ्हाड चालवणे नव्हे. झाड जाळणे किंवा त्याला कोणत्याही प्रकारे इजा करणे हेही त्यात येते. त्यामुळे बुंध्याची साल सोलून किंवा मुळाशी काहीबाही ओतून झाड ‘आपोआप’ वाळवण्याची युक्ती हीसुद्धा बेकायदा तोडच ठरते.

या कायद्यात २०२१ मध्ये महत्त्वाची दुरुस्ती झाली. पन्नास वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडाला ‘वारसा वृक्ष’ मानण्याची तरतूद आली. तसेच, तोडल्या जाणाऱ्या झाडाचे जेवढे वय, तेवढी नवी झाडे लावण्याचे तत्त्व आले. पंचवीस वर्षांचा कडुलिंब तोडायचा तर पंचवीस रोपे. रोपे, खड्डे, कठडे, पाणी आणि ती जगेपर्यंतची राखण, हे सारे तोडणीच्याच खर्चात धरायला हवे. प्लॉटवाल्याच्या मनातल्या अंदाजात हा आकडा बहुधा नसतोच. नगरपंचायतीच्या हद्दीबाहेर, शेतावरच्या झाडांसाठी १९६४ चा वेगळा कायदा आहे. साग, मोह, चिंच, आंबा, फणस, जांभूळ, खैर, चंदन अशी झाडे त्याच्या अनुसूचीत आहेत. आपले झाड कोणत्या कायद्याखाली येते, हे कार्यालयात जाऊन आधी विचारावे. तोडणाऱ्याने ‘काही लागत नाही, मी बघतो’ म्हटले, तरी विचारावे. दंड त्याच्या नव्हे, आपल्या नावावर निघतो.

तोडणीचा भाव कसा ठरतो

झाड तोडण्याचा ठरावीक दर नसतो. एकाच झाडासाठी दोन माणसे दुप्पट फरकाने भाव सांगतात, आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असू शकतात. याचे कारण असे की ‘झाड तोडणे’ हे एक काम नसून चार कामे आहेत. वर चढून फांद्या उतरवणे हे पहिले. उभे खोड कापून खाली आणणे हे दुसरे. जमिनीतले बूड मुळांसकट काढणे हे तिसरे. आणि लाकूड, फांद्या, पाला उचलून नेणे हे चौथे.

पहिल्या दोन कामांचा भाव झाडाच्या जाडीपेक्षा आजूबाजूच्या जागेवर जास्त ठरतो. मोकळ्या शेतातले झाड दोर लावून एका बाजूला पाडता येते. दोन घरांच्या मधले तेच झाड वरून तुकड्या-तुकड्याने, प्रत्येक फांदी दोराने बांधून खाली सोडावी लागते. शेजारी टिनाचे शेड, पाण्याची टाकी किंवा वायर असेल तर काम आणखी संथ होते. त्या संथपणाचे पैसे देणे शहाणपणाचे आहे, कारण घाईत पडलेल्या फांदीने मोडलेले शेड तोडणीहून महाग पडते. माणूस वर चढत असेल तर कमरेचा पट्टा आणि डोक्यावर हेल्मेट आहे का ते पाहावे. अपघात किंवा नुकसान झाले तर जबाबदारी कोणाची, हे चार ओळींत लिहून घ्यावे.

बूड काढायचे की नाही, हा निर्णय वेगळा घ्यावा. जेसीबीला आत यायला वाट असेल तर तासाच्या भाड्यात काम उरकते. वाट नसेल तर कुदळ-पहार घेऊन माणसांनीच खणावे लागते. तिथे बांधकाम करायचे नसेल, तर खोड जमिनीलगत कापून बूड तसेच ठेवता येते. कडुलिंब, सुबाभूळ यांना पुन्हा फुटवे येतात, ते कोवळे असतानाच काढत राहावे. काही वर्षांत बूड आपोआप कुजते.

लाकूड कोणाचे?

आपल्याकडे पुष्कळदा सौदा असा होतो, की लाकूड तोडणाऱ्याचे आणि त्या बदल्यात मजुरी थोडी कमी. हा सौदा वाईट नाही, पण आपण काय देतो आहोत हे ठाऊक असावे. त्यासाठी मोजपट्टी पुरते. खोडाचा मधला घेर फुटांत मोजावा, त्याचा वर्ग करावा, त्याला लांबीने गुणावे आणि साडेबाराने भागावे. उत्तर घनफुटांत येते. घेर ४ फूट आणि सरळ लांबी १० फूट असेल, तर १६ गुणिले १० म्हणजे १६०, भागिले साडेबारा, म्हणजे पावणेतेरा घनफूट. लाकडाच्या व्यवहारात चौथाई घेराची जुनी रीत आहे. घेराच्या चौथ्या भागाचा वर्ग करून लांबीने गुणायचे. त्या रीतीने हेच खोड दहा घनफूट भरते. याला लबाडी म्हणू नये, गोल लाकूड चिरताना जाणारी घट त्यात धरलेली असते.

टालीवर जळाऊ लाकूड वजनावर जाते. ओल्या लाकडाचा घनफूट जातीप्रमाणे पंचवीस किलोच्या आसपास किंवा थोडा अधिक भरतो. म्हणजे वरच्या खोडाचेच तीन क्विंटलांहून अधिक लाकूड झाले. त्यात ओलाव्याचे वजन बरेच असते, हेही ध्यानात ठेवावे. काही जातींचे लाकूड हलवायला वन विभागाचा वाहतूक परवाना लागतो, तोही कोण काढणार ते आधी ठरवावे. हा अंदाज हाती असला की भाव करताना आपण अंधारात नसतो.

आता चौथे काम, माल उचलण्याचे. सगळ्यात जास्त जागा व्यापतो तो लाकूड नसलेला भाग. खोड ट्रॉलीच्या एका कोपऱ्यात मावते. पण पसरट फांद्या आणि पाला यांनी ट्रॉली भरते तेव्हा निम्म्याहून अधिक हवाच वाहून नेली जाते. पैसे मात्र खेपेवर मोजावे लागतात. आणि ती ट्रॉली जाते कुठे? एखाद्या मोकळ्या प्लॉटवर किंवा नाल्याच्या काठी. तिथे ढीग वाळतो आणि कोणी तरी काडी लावते. पाला उघड्यावर जाळणे ही आता साधी गोष्ट राहिलेली नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २२ डिसेंबर २०१६ च्या निकालात कचरा उघड्यावर जाळण्यास मनाई केली आणि त्यासाठी साधारण प्रकरणात ५,००० रुपये, तर मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये भरपाई ठरवली. त्याच वर्षीच्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी बागेतला कचरा आपल्या आवारात वेगळा साठवावा असे सांगितले होते. पण आवारात ठेवलेल्या या पाल्याचे पुढे करायचे काय?

मातीची चादर

याचे उत्तर शेतकऱ्यांना केव्हाच ठाऊक आहे. मातीवर पसरलेल्या थराला पुस्तकात आच्छादन म्हणतात, बाजारात मल्चिंग म्हणतात. आपल्या वऱ्हाडातले, अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या नैसर्गिक शेतीचे चार आधार बीजामृत, जीवामृत, आच्छादन आणि वाफसा हे आहेत. आच्छादनाचेही ते तीन प्रकार सांगतात. वरची माती भुसभुशीत ठेवून केलेले मृदाच्छादन, काडीकचऱ्याचे काष्ठाच्छादन आणि पिकांमध्ये पीक घेऊन केलेले सजीव आच्छादन. ‘एक कोळपणी, अर्धे पाणी’ असे जुने लोक म्हणत, त्यात मृदाच्छादनाचेच मर्म आहे. डवऱ्याने वरची माती मोकळी केली, की भेगा बुजतात आणि खालची ओल वर येऊन उडून जात नाही.

घरच्या बागेसाठी हे आकड्यात पाहू. एक चौरस मीटरवरून एक मिलिमीटर पाणी उडाले, तर ते एक लिटर भरते. नागपूरच्या मे महिन्यात उघड्या भांड्यातले पाणी दिवसाला दहा मिलिमीटरहून अधिक आटते. शंभर चौरस फुटांचा वाफा म्हणजे साधारण सव्वानऊ चौरस मीटर. तेवढ्या जागेतून त्या वेगाने रोज नव्वद लिटरहून अधिक पाणी उडेल, म्हणजे पंधरा लिटरच्या सहा बादल्या. मातीवरचे पाणी नेहमीच इतक्या वेगाने उडत नाही. वरचा थर सुकला की वेग मंदावतो. पण आपण रोज संध्याकाळी पाइपने तो थर पुन्हा ओला करतो, आणि दुसऱ्या दिवशी ऊन तो पुन्हा पिऊन टाकते. मुळांपर्यंत पोचते ते त्यातले थोडेच. उन्हाळ्यात बोअरवेल खाली गेली आणि टँकर बोलवावा लागला, तर ही उडालेली प्रत्येक बादली विकतची असते. मातीवर तीन इंच पाचोळा असेल तर ऊन आणि वारा ओल्या मातीपर्यंत थेट पोचत नाहीत. माती कमी तापते, भेगा कमी पडतात, तण कमी उगवते. खालचा थर हळूहळू कुजून मातीत मिसळतो.

विकतचे की घरचे?

नर्सरीत आच्छादन म्हणून बऱ्याच गोष्टी मिळतात. पहिली कोकोपीट. नारळाच्या सोडणाचा हा भुसा, पोल्लाचीसारख्या नारळाच्या मुलखातून हजारावर किलोमीटर प्रवास करून आपल्याकडे येतो. कुंडीतल्या मातीत मिसळायला तो चांगला, पाणी धरून ठेवतो. पण मातीवर पसरायला त्याचा फारसा उपयोग नाही. वरचा थर वाळला की वाऱ्याने उडतो आणि पहिल्या पावसात वाहून जातो. दुसरी वस्तू सालीचे तुकडे. दिसायला छान, टिकायलाही बरे, पण वजनाला कमी आणि किमतीला जास्त. तिसरी पांढरे गोटे. तण रोखतात, पण मातीला काहीच देत नाहीत आणि आपल्या उन्हात तापून निघतात. चौथी प्लास्टिकचा मल्चिंग पेपर. ठिबकवर भाजीपाला घेणाऱ्याला तो उपयोगी आहे. घरच्या बागेत मात्र तो फाटतो, पावसाचे पाणी अडवतो आणि शेवटी त्याचाच कचरा होतो.

आसपासच्या शेतांवरही आच्छादनाला काही कमी नाही. सोयाबीनचे कुटार, गव्हांडा, भंडारा-गोंदियाकडून येणारे धानाचे तणस हे सारे उत्तम आच्छादन आहे. फक्त हा गुरांचाही चारा आहे, हे विसरू नये. चाऱ्याची टंचाई असेल त्या वर्षी तो गोठ्यातच जाऊ द्यावा.

आता मोजमाप. शंभर चौरस फुटांवर तीन इंचांचा थर म्हणजे पंचवीस घनफूट. मुरूम-रेतीच्या भाषेत पाव ब्रास, लिटरमध्ये सुमारे सातशे. पाच किलोची कोकोपीटची वीट भिजून साधारण सत्तर-पंचाहत्तर लिटर होते. म्हणजे एवढ्याच जागेला दहा विटा लागल्या. सुका पाचोळा घ्यायचा तर तो दबतो, म्हणून सहा इंच पसरावा, म्हणजे दबून तीन इंच राहतो. त्यासाठी अर्धा ब्रास पाचोळा लागेल.

एकत्र हिशेब

पुढचे आकडे केवळ रीत दाखवण्यासाठी धरलेले आहेत. आपल्या गल्लीतला भाव वेगळा असेल, तो घालून पाहावा. समजा, परवानगी मिळालेल्या एका झाडाचा सौदा १२,००० रुपयांना ठरला. त्यात फांद्या व खोड उतरवण्याचे ६,०००, बूड काढण्याचे २,४०० आणि ट्रॉलीच्या तीन खेपांचे, प्रत्येकी १,२०० प्रमाणे, ३,६००. त्याच घराला दोनशे चौरस फुटांची बाग आहे आणि उन्हाळ्यासाठी कोकोपीटच्या वीस विटा आणल्या. वीट २५० रुपयांची धरली तर ५,०००. एकूण १७,०००.

आता दुसरी रीत. पाला आणि बारीक फांद्या घरीच ठेवल्या. मोठे लाकूड एका खेपेत गेले, त्याचे १,२००. फांद्या कोयत्याने वीत-वीत तुकडे करून रचायला गड्याची मजुरी १,५००. तोडणी आणि बुडाचे पैसे तेवढेच. विटा आणायच्या नाहीत. एकूण ११,१००. म्हणजे ५,९०० रुपये, एक तृतीयांशाहून थोडे अधिक, वाचले. बूड तसेच ठेवले तर आणखी २,४०० वाचतील.

पण या हिशेबात एक ओळ अजून लिहायची राहिली. तोडलेले झाड पाचोळा एकदाच देते, उभे झाड दरवर्षी देते. कडुलिंबाची पानगळ माघ-फाल्गुनात होते. ऊन चढण्याच्या अगदी आधी, मातीला पांघरुणाची गरज असते नेमक्या त्याच वेळी. त्यामुळे झाड ठेवून दोन फांद्या उतरवणे जमत असेल, तर त्या घराला उन्हाळ्याचे आच्छादन घरबसल्या मिळत राहते. तोडणीचा खर्च, पंचवीस रोपांचा खर्च आणि विटांचा खर्च, हे तिन्ही मग वहीत येतच नाहीत.

अंथरण्याची रीत

आच्छादन ओल्या मातीवर घालावे. कोरड्या मातीवर घातले तर कोरडेपणच झाकले जाते. पावसाळा सरल्यावर एकदा आणि फेब्रुवारीअखेर, चांगले पाणी देऊन, दुसऱ्यांदा. सुकी पाने पोत्यात भरून पायांनी तुडवली की बारीक होतात आणि उडत नाहीत. वरून थोडी माती किंवा शेणकाला शिंपडावा. रोपाच्या खोडाभोवती चार बोटे जागा मोकळी सोडावी. नाही तर खोड सदा ओले राहून कुजते. आपल्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात पाणी साचते, त्या काळात थर पातळ करावा.

लाकडाचे तुकडे आणि भुसा यांबाबत एक पथ्य आहे. ते मातीच्या वर ठेवावेत, आत मिसळू नयेत. लाकूड कुजवणारे जिवाणू आपल्या पोटासाठी मातीतले नत्र घेतात आणि झाडे पिवळी पडतात. वर ठेवले तर हा त्रास फारसा होत नाही. वाळवी, म्हणजे आपल्याकडची उधई, लाकडाला येणारच. म्हणून घराच्या भिंतीपासून आणि चौकटींपासून हा थर दोन-तीन फूट दूर ठेवावा. निलगिरीचा ताजा पाला थेट न वापरता काही महिने कुजवून घ्यावा. बी धरलेले गाजर गवत आणि सुबाभळीच्या शेंगा त्यात जाऊ देऊ नयेत. शेताच्या कडेच्या घरांत विंचू-साप निघतात. तेव्हा दाराजवळ जाड थर नको, आणि पाचोळ्यात हात घालण्याआधी काठीने हलवून घ्यावा. उन्हाळ्यात जवळपास विडी-सिगारेटही नको.

बाग नाही, पण अंगणात पाचोळा पडतो अशा घरांनी काय करावे? पुण्यात अदिती देवधर यांनी २०१६ मध्ये ‘ब्राउन लीफ’ नावाचा उपक्रम सुरू केला. ज्यांच्याकडे सुकी पाने आहेत ते आणि ज्यांना ती बागेसाठी हवी आहेत ते, यांची गाठ घालून देणे एवढेच त्याचे मूळ सूत्र. जाळला जाणारा पाला पोत्यात भरून दुसऱ्याच्या गच्चीवर जाऊ लागला. बेसा, पिपळा, घोगली, बेलतरोडी या वस्त्यांत हे करायला फार मोठी यंत्रणा लागणार नाही. फ्लॅट स्कीमच्या झाडूवाल्याने पाने प्लास्टिकच्या कचऱ्यात न टाकता वेगळ्या पोत्यात भरावी, आणि लेआऊटमधल्या लोकांनी एकमेकांना सांगावे, की अमक्या फाटकाशी चार पोती ठेवली आहेत.

झाड तोडणाऱ्याशी बोलणी कराल, तेव्हा त्याला भाव चार भागांत वेगवेगळा सांगायला लावा आणि ‘पाला आमच्याकडेच राहील’ हे आधी बोलून ठेवा. त्याची खेप वाचते, त्यामुळे तो तेवढे पैसे कमी करायला तयार होतो. आणि बोलणी करण्याआधी एकदा झाडाखाली उभे राहून वर पाहा. पडायला हवी ती फांदी आहे की झाड, ते बहुधा तिथेच कळते.